मधल्या मापाची फळी

माझ्या सोलापूरच्या घरात कपाटामागे एक लाकडी फळी उभी करून ठेवलेली आहे. आल्यागेल्याला ती इस्त्रीची फळी वाटते. शेजारच्या बाईंनी तर एकदा, जुनी झाली असेल तर भंगारवाल्याला देऊन टाका, असा सल्लाही दिला. फळीचं पुढचं टोक गोल आहे, मागचं थोडं निमुळतं, आणि छाती टेकते त्या जागी एक उभी खोबण आहे, वीतभर लांब. ही खोबण कशाला, असं पोरंसोरं विचारतात. मी काहीतरी थातुरमातुर सांगून विषय बदलते, कारण खरं सांगायचं तर नदीपासून सुरुवात करावी लागते, आणि ती नदी आता तशी राहिलेली नाही. गावाच्या खालच्या अंगाला बंधारा झाला, पाणी तुंबून उभं राहिलं आणि आमचा काळा खडक कायमचा बुडाला. वय झालं की माणूस तसा बडबडा होतो, पण या एका गोष्टीवर मी आजवर गप्पच राहिले आहे. आता लिहून टाकते.

आमचं गाव भीमेच्या काठावर, सोलापूरच्या दक्षिणेला. पलीकडच्या काठाला कर्नाटक. तिकडचा कोंबडासुद्धा कानडीतच आरवतो, असं अप्पा म्हणायचे. आम्ही जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित. गावात कुणाकडे बारसं असो, वास्तुशांत असो की मयत असो, अप्पांना बोलावणं यायचं. लोक त्यांना अय्या म्हणत, वाकून पायांना हात लावत, आणि घरी आल्यावर तेच अय्या अव्वाची बोलणी मुकाट ऐकून घेत. अव्वा म्हणजे आमची आई. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे ती रागावायची कानडीत आणि समजूत काढायची मराठीत. घरात आम्ही चार भावंडं. थोरला अण्णा शिकायला सोलापुरात वसतिगृहात राहायचा. त्याच्यानंतर मी, नंदा. माझ्या पाठचा चन्नवीर, आमचा चन्नू. आणि शेंडेफळ पाळण्यात.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे अप्पांची पूजा चालायची, तेव्हा घंटेच्या मागोमाग भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. अव्वा ज्वारीच्या पातळ भाकरी करून चुलीच्या कडेला उभ्या करायची. त्या वाळून कडक झाल्या की हातात घेताच कडाकड मोडायच्या. मग उखळात शेंगदाणे, लसूण आणि तिखट पडायचं, आणि तेल सुटेपर्यंत चटणी कुटली जायची. चन्नू त्या उखळाशेजारी उकिडवा बसायचा आणि मुसळ वर गेलं की बोट घालून चटणी चाटायचा. एक दिवस तुझं बोट चटणीत जाईल, असं अव्वा रोज म्हणायची. त्याचं बोट कधी सापडलं नाही. मुसळ कधी वर जाणार आणि कधी खाली येणार हे त्याला बरोबर कळायचं. मोठ्या दुष्काळात आम्ही रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या होत्या आणि नदीच्या पात्रात नुसती वाळू उडताना पाहिली होती. त्यानंतर पाणी परत आलं, तेव्हा सगळ्या गावाला नदीचं वेड लागलं. आमच्या घराला ते जरा जास्तच लागलं.

आमच्याकडे पावसाचा पत्ता नसला तरी श्रावणात वरच्या मुलखातल्या पावसाने नदी भरून यायची. गावाखाली काळ्या खडकाची एक पायरी पात्रात आडवी गेली होती. भरलेलं पाणी त्या पायरीवरून खाली उतरायचं आणि लगेच फुगून वर यायचं. ती फुगलेली लाट पुढे सरकत नसे. पाणी तिच्यातून पळत राहायचं, पण लाट मात्र दिवसभर एका जागी उभी. तिला गावात म्हैस म्हणत, आणि तिच्यावर जाण्याला म्हशीवर बसणं. बसायचं म्हणजे खरं तर पालथं पडायचं. पोटाखाली पांगाऱ्याची हलकी फळी घ्यायची, मोटेचा जुना नाडा काठच्या करंजाला बांधलेला असायचा तो धरून लाटेपर्यंत जायचं, तोंड वरच्या अंगाला करायचं आणि हात सोडायचा. जमलं तर सगळी नदी अंगाखालून पळते आणि माणूस जागच्या जागी राहतो. नाही जमलं तर खालच्या बाभळीपर्यंत गटांगळ्या. मला त्या वर्षी शहाणी झाली म्हणून पाण्यात उतरायची बंदी झाली होती. मी काठावर बसून नाडा सांभाळायचे आणि मनातल्या मनात सगळ्यांना नावं ठेवायचे.

आता त्या खोबणीचं सांगते. आमच्यात इष्टलिंग अंगावरून काढत नाहीत, झोपताना नाही आणि पाण्यात तर नाहीच. गळ्यातल्या दोऱ्याला लिंगाची चांदीची डबी असते. ती अंगावर ठेवून फळीवर पालथं पडलं की बरगडीत रुतते. म्हणून आमच्या घरातल्या फळ्यांना छातीच्या जागी खोबण कोरलेली असायची, डबी बसेल एवढी. गावातली बाकीची पोरं आम्हाला चिडवायची, की अय्यांच्या फळीला बेंबी असते. या बेंबीमुळे झालं असं की आमच्याकडे एकाची फळी दुसऱ्याच्या कामाची नाही. घरात दोन फळ्या होत्या. एक आजोबांची, चांगली माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी लांब. दुसरी काकांची, कमरेइतकी आखूड. काका म्हशीवर कोलांट्या मारायचे म्हणे. मी काही पाहिल्या नाहीत.

चन्नूने आधी आजोबांची फळी घेतली. तो हाडापेराने किडकिडीत, वजन ते किती, आणि फळी एखाद्या दाराएवढी. ती त्याचं ऐकेना. पाणी तिला नेईल तिकडे ती जायची आणि हा तिच्यावर पाहुण्यासारखा बसलेला. लाटेवर चढायच्या आधीच त्याला बाजूच्या वाळूत नेऊन टाकायची. मग काकांची आखूड फळी झाली. ती जरा कुठे हात हलवला की गर्रकन फिरायची आणि टोक पाण्यात घालून बुडी मारायची. खोबण त्याच्या पोटाखाली यायची आणि डबी बरगडीत. तो रोज संध्याकाळी नाकातोंडात पाणी आणि छातीवर लाल वण घेऊन घरी यायचा, आणि अव्वा त्या वणावर तेल चोळता चोळता अप्पांच्या घराण्याचा कानडीत उद्धार करायची.

अप्पा काही दिवस नुसते काठावर येऊन बसले. धोतर खोचलेलं, गालात सुपारी. ते लाटेकडे बघतच नव्हते, चन्नूकडे बघत होते. तो पाय मारतो की हाताने पाणी ओढतो, मान किती उचलतो, लाट अंगावर आली की काय करतो. मी विचारलं, अप्पा, काय बघताय एवढं. तर म्हणाले, "चन्नू पान्याशी भांडत न्हाय. वाट बघतो. त्याला लांब फळी म्हंजे बाज हुईल, झोपंल तिच्यावर. आन आखूड दिली तर तिच्याशीच झटत बसंल. मधल्या मापाची करू." एका पानमळ्यातला पांगारा तोडला होता, त्यातलं खोड त्यांनी मागून आणलं. वाकसाने तासलं, गोठ्यात सावलीला वाळवलं, आणि चन्नूला त्याच्यावर पालथं पाडून हनुवटीपासून डबीपर्यंत माप घेतलं. मग पटाशीने खोबण कोरायला बसले ते कोरतच राहिले. डबीला दोन बोटं जागा पुरली असती. यांनी ती पायांच्या दिशेने वीतभर लांबवली. अव्वाने विचारलं की एवढी लांब कशाला, पोरगं काय हत्ती आहे. अप्पा मान वर न करता म्हणाले, "वाडणार की त्यो. वाडंल तशी डबी खाली सरकंल. मोटा गडी झाला तरी हीच फळी पुरंल त्याला."

या वाक्याचा अर्थ तेव्हा मला जेवढा दिसला तेवढाच मी घेतला. बाप मुलासाठी फळी करतो आहे, चार पैसे वाचवतो आहे, एवढाच. पण फळी कोरत होते तेव्हा मठाचा निरोप येऊन पोचला होता आणि त्यांनी तो कुणालाच सांगितला नव्हता, हे अव्वाने मला फार वर्षांनी सांगितलं. आमच्या घराण्याचा एका मठाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता. त्या गादीला वारस म्हणून आमच्या भाऊबंदातला एक मुलगा द्यायचा, अशी रीत होती. म्हातारे स्वामी थकले होते. श्रावणात येतो, मुलं बघतो, असा त्यांचा निरोप होता. दिलेला मुलगा मग घरचा राहत नाही. त्याला आई नाही, बाप नाही, गाव नाही. त्याचेच आईबाप त्याच्या पाया पडतात. हा मोठा मान समजतात आणि तो मान आहेही. मी स्वतः त्या रीतीला कधी वाईट बोललेली नाही. पण ज्या घरातून पोरगं जातं त्या घराला विचारावं.

श्रावणी सोमवार होता. सकाळी अप्पांनी चन्नूला पडवीत बोलावलं, नवी फळी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "नदी लई चांगली हाय आज. दिस कलल्याबिगर घराकडं यायचं न्हाय." अव्वा आतून म्हणाली, सणासुदीचं पोराला उपाशी कुठे पाठवता. तर अप्पांनी स्वतः उठून कडक भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून त्याच्या कमरेला खोचली. अप्पा कधी चुलीपाशी गेलेले आम्ही पाहिले नव्हते. आम्ही दोघी हसलो. चन्नू फळी डोक्यावर घेऊन पळतच सुटला.

स्वामी आले तेव्हा अव्वाचं पुरण वाटून व्हायचं होतं. बैलगाडीतून उतरले, बरोबर मठाची दोन माणसं. अव्वाला वाटलं, पाद्यपूजेला आले, आपल्या घराचं भाग्य. तिने पाय धुतले, तीर्थ घेतलं, गव्हाच्या खिरीची, हुग्गीची, पातेली चुलीवर चढवली. अण्णा सुट्टीला आलेला होता, तो वाकून गेला. पाळण्यातल्याला उचलून स्वामींच्या पायांवर घातलं. स्वामींनी विचारलं, एवढीच का मुलं? अप्पा म्हणाले, मधला आहे, पण बाहेर गेला आहे, त्याचं काही ठिकाण नसतं. अव्वाला ते कसंतरीच वाटलं. तिचं सगळ्यात गोड गळ्याचं, सगळ्यात पाठांतराचं पोर, आणि नेमकं तेच पाहुण्यांसमोर नाही. कुठल्याही आईला वाटेल तेच तिला वाटलं. तिने मला मागच्या दाराला गाठलं. "नंदे, पळ, घिऊन ये त्याला. स्वामी दारात आन ह्यो नदीत. काय म्हनतील?" अप्पांनी आम्हाला बघितलं. चार लोकांत त्यांना काही बोलता आलं नाही.

मी पळत गेले. करंजाखाली पोरं गोळा झाली होती आणि कुणी ओरडत नव्हतं, सगळी बघत होती. चन्नू म्हशीवर होता. मधल्या मापाची फळी पोटाखाली, हनुवटी तिच्या गोल टोकावर, दोन्ही हात बाजूला हलके सोडलेले. तांबडं पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी पळत होतं आणि तो तिथेच होता. पाणी जरा डावीकडे कललं की तो डावीकडे कलायचा, लाट चढली की चढायचा. झटापट नाही, काही नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचं पुरतं होऊ दे म्हटलं. किती वेळ गेला कोण जाणे, शेवटी तो आपणहूनच बाजूला सरकला आणि काठाला लागला. थंडीने ओठ निळे पडलेले, दात वाजत होते. म्हणाला, "अक्का, बगितलीस का?" मी म्हटलं, "बगितली." मग सांगितलं, अव्वा बोलावती, घरी स्वामी आलेत. त्याने कमरेची भाकरी काढली, ती भिजून लगदा झाली होती. तीच आम्ही दोघांनी वाटेत खाल्ली. मी पुष्कळांना विचारलं आहे, भिजलेल्या कडक भाकरीची चव कशी लागते, आणि सगळे हसतात. मला ती अजून जिभेवर आहे.

अव्वाने त्याला मागच्या दारीच धुतलं, अंग पुसलं, कपाळाला विभूती ओढली आणि पुढे केलं. म्हण, म्हणाली. चन्नूने मंत्र म्हटले. आवाज स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. स्वामी डोळे मिटून ऐकत होते. अव्वा दाराआड उभी राहून पदराने तोंड झाकून हसत होती, एवढी ती खूश. स्वामींनी डोळे उघडले, चन्नूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो आमचा." अव्वाला वाटलं आशीर्वाद दिला. ती पुढे येऊन वाकली, आणि वाकून उठताना तिची नजर अप्पांवर गेली. अप्पा खांबाला धरून उभे होते. मठाच्या माणसांपैकी एकजण समजावून सांगत होता की थोरला घराला लागतो, धाकटा अजून अंगावर पितो, मधला बरोबर बसतो. चुलीवर हुग्गी लागल्याचा वास आला. कुणी उतरवायला गेलं नाही. मीच शेवटी गेले.

त्याला न्यायला महिनाभराने माणसं आली. त्या महिन्यात अप्पांनी त्याला नदीवर जाऊ दिलं नाही. स्वामी होणाऱ्या मुलाला काही झालं तर, असं लोक म्हणाले आणि अप्पांनी ऐकलं. अव्वाने अप्पांना एकदाच विचारलं, मला का सांगितलं नाही. अप्पा म्हणाले, तू रडली असतीस, तुझ्या तोंडावरून त्यांना कळलं असतं. त्यानंतर ती दोघं त्यावर कधी बोलली नाहीत. संसार झाला, सण झाले, अण्णाचं लग्न झालं, माझं झालं. पण त्या घरातलं उखळ जसं वाजायचं तसं परत वाजलं नाही.

दीक्षेनंतर आम्ही पहिल्यांदा मठात गेलो तेव्हा अव्वाने चटणी लसूण न घालता केली होती, कारण मठात लसूण चालत नाही. चन्नू भगव्या कपड्यात, डोकं तुळतुळीत, उंच आसनावर बसलेला. पाय जमिनीला पोचत नव्हते. रांगेत अव्वाचा नंबर आला. तिने त्या लोंबत्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते लवकर उचलेना. मागच्या बाईने तिला हलवलं. माझी पाळी आली, तेव्हा त्याने शिकवल्याप्रमाणे विचारलं, "नंदाबाई, तुमी कवा आलात?" आणि मग हळूच, ओठ न हलवता, म्हैस उठली का म्हणून विचारलं. मी म्हटलं, उठली. पुढे दरवर्षी मी जायचे आणि दरवर्षी तो हे विचारायचा. बंधारा होऊन खडक बुडाला त्यानंतरही मी उठली असंच सांगत राहिले.

फळी अव्वाने माजघराच्या भिंतीला खुंट्यांवर टांगून ठेवली. शेंडेफळ मोठं झालं, त्याने मागितली, तर तिने हात लावू दिला नाही. दर नागपंचमीला ती खाली काढायची, करडईचं तेल लावायची, खोबणीत बोट फिरवून आतपर्यंत जिरवायची आणि परत टांगायची. पांगारा लवकर किडतो म्हणतात. हा किडला नाही. अप्पा गेले तेव्हा चन्नू काशीला शिकायला होता, त्याला कळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

अव्वा गेली तेव्हा मात्र तो आला. आता भरल्या अंगाचा पुरुष, दाढी, रुद्राक्षांच्या माळा, मागेपुढे माणसं. आमच्यात मयताला बसवतात. अव्वाला भिंतीशी टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती. जंगमाने मयताच्या मस्तकाला पाय लावायचा असतो, म्हणजे पुढची वाट मोकळी होते. गुरू म्हणून तो विधी त्यानेच केला. उजवा पाय उचलला, तिच्या डोक्याला लावला. त्या वेळी त्याने भिंतीला हात टेकला होता, तो हात मला दिसत होता. मला वाटलं होतं मी रडेन. मी नुसती त्या हाताकडे बघत राहिले.

माती देऊन परत आल्यावर लोक अंगणात बसले आणि तो पाणी प्यायला माजघरात आला. मी तांब्या दिला. त्याची नजर भिंतीवर गेली. जवळ जाऊन त्याने फळीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "तेल कोन लावतंय?" मी म्हटलं, अव्वा, दर पंचमीला. त्याने तांब्या खाली ठेवला. म्हणाला, "अक्का, दार लाव." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून अक्का ऐकलं नव्हतं. मी दार लावलं. त्याने माळा काढून कोनाड्यात ठेवल्या, फळी खाली घेतली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर पालथा पडला. हनुवटी गोल टोकावर. छातीवरची डबी खोबणीत उतरली, सरकत सरकत मागच्या टोकाला गेली आणि तिथे थांबली. पुढे नाही, मागे नाही. अप्पांनी त्या मोठ्या गड्यासाठी जिथवर कोरलं होतं, बरोबर तिथे. त्याने दोन्ही हात बाजूला हलके सोडले आणि डोळे मिटले.

बाहेरून कुणीतरी कडी वाजवली. स्वामीजी, गाडी लागली, असं म्हणाले. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि सांगितलं, स्वामी पूजेला बसलेत, वेळ लागेल.